टकलावरची माती

८ जानेवारी

धाकट्या,

परवा फोनवर आपण माझ्या गुडघ्यांबद्दल आणि तुझ्या ट्रॅक्टरच्या खोकल्याबद्दल भरपूर बोललो आणि जे बोलायचं होतं ते राहिलंच. राहणारच होतं. बाबा आणि काका भर अंगणात बांधावरून एकमेकांवर ओरडले आणि मग मरेपर्यंत बोलले नाहीत, तेव्हापासून आपल्या घरचा कायदाच आहे : जमिनीचं बोलणं तोंडाने नाही, कागदावर. लिहिताना माणूस निदान चार शब्द खोडतो, असं बाबा म्हणायचे. म्हणून हे पत्र.

नमनाला घडाभर तेल झालं, आता मुद्दा. मला टक्कल हवंय. बाबांचं नव्हे, ते त्यांनी सोबत नेलं. शेताच्या वरच्या अंगाला रस्त्याजवळ जो खडक उघडा पडलाय, जिथे गवतही नाक मुरडतं, ज्याला बाबा टक्कल म्हणायचे, तो तुकडा. तिथे मला दोन खोल्यांचं घर बांधायचंय. बैठं. दारात एकही पायरी नसलेलं.

तुला माहीत आहे, मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागच्या खोलीत जन्मभर लोकांच्या कोटांना रफू केलं. खिडकीतून समोरच्या भिंतीवरचा पाण्याचा पाइप दिसतो. संध्याकाळी तीन मजले चढून घरी आलं की तिथल्या खिडकीतूनही एक पाइप दिसतो, फक्त जास्त गंजलेला. या वर्षअखेर मी काम सोडतेय. एकटा जीव सदाशिव, मला लागतं किती? पण उरलेले दिवस पाइप बघत काढायचे नाहीत, हे मी ठरवलंय. आपलं शेत बघत काढायचे आहेत. मला हे फार हवंय, धाकट्या. इतकं सरळ मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नसेल.

नियमांची काळजी तू करू नकोस. ते मी इथल्या कचेरीत जाऊन वाचलेत. तू फक्त हो म्हण.

तुझी ताई

—

२ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. उशीर झाला. बटाटे काढत होतो.

घर बांध. तुझंच आहे सगळं, विचारतेस काय? फक्त घाई करू नकोस. आणि टक्कलच कशाला? विहिरीजवळचा कोपरा घे, लिंबाच्या झाडाखालचा घे. बहिणीला वाटणीत खडक दिला, असं लोकांनी म्हणावं का? दोन वर्षांपूर्वी तू आली होतीस तेव्हाही म्हणाली होतीस, "मला काय, टक्कल पुरे." ते माझ्या मनाला लागलं होतं. बोललो नाही, कारण जमिनीचं बोलणं.

तरी तुला तेच हवं असेल तर ते घे. पण एवढ्यात येऊ नकोस. मे महिन्यानंतर ये. इथे चिखल आहे, पाहुण्यांची खोली गळतेय आणि मांजरीला पिल्लं झाली आहेत.

मास्तरीण बरी आहे. शाळेत परीक्षा आहेत.

तुझा धाकटा

—

९ फेब्रुवारी

धाकट्या,

फेब्रुवारीत चिखल? आणि मांजरीची पिल्लं माझ्या येण्याच्या आड कशी येतात, ते मला नीट समजावून सांग. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे, आणि लपवलेलं भांडं नेहमी तुझ्या पाठीमागून दिसतं.

मला वाटतं तुला जागा द्यायची नाही, आणि तसं म्हणायला जीभ रेटत नाही. किंवा मास्तरणीला नणंद रोज डोळ्यांसमोर नकोय. तिची चूक नाही, मलाही मी रोज डोळ्यांसमोर नको असते. पण मग तसं लिही ना! विहिरीजवळचा कोपरा आणि लिंबाची सावली कशाला दाखवतोस? तिथे घर होत नाही, हे शेतकऱ्याला मी रफूवालीने सांगायचं का?

मी घराचा आराखडा काढलाय, शिवणाच्या खडूने, ब्राउन पेपरवर. झोपायची खोली पूर्वेला. स्वयंपाकघराची खिडकी शेताकडे. दारापुढे थोडी फरशी, खुर्ची मावेल एवढी. तो कागद भिंतीला लावलाय आणि पाइपाऐवजी तो बघत चहा पिते.

तू हो म्हटलंस, तेवढं मी धरून चालतेय. बाकीचं पालथ्या घड्यावर पाणी समजते.

ताई

—

२१ मार्च

ताई,

मास्तरणीचा काही संबंध नाही. तिने तुझं पत्र वाचलं आणि तीन दिवस माझ्याशीच बोलली नाही, म्हणजे शिक्षा मला.

मी देत नाही असं नाही. तू मे संपेपर्यंत थांब. एप्रिलमध्ये तर मुळीच येऊ नकोस. कारण विचारू नकोस, मला खोटं लिहिता येत नाही आणि खरं लिहायचं नाही.

खिडकी शेताकडे ठेव. छान दिसेल.

धाकटा

—

४ मे

धाकट्या,

मी थांबले नाही. रागावशील तर रागाव.

जमीन समितीकडे मी महिन्यापूर्वीच अर्ज टाकला. सामाईक नावावर माझीही सही चालते. आता तुला नियम नीट सांगते, कारण तू नियमांचा कागद फक्त ट्रॅक्टरच्या सीटखाली घालायला वापरतोस. गेल्या वर्षापासून आपल्या भागात तुकडेबंदी कडक झाली आहे. शेताचे तुकडे पाडायचे नाहीत. पिकाऊ जमिनीवर नवं घर नाही, मग ती बहिणीसाठी असो की राजासाठी. एकच सूट आहे : शेतातल्या ज्या जागेत काहीच उगवत नाही, तिथे एका घरापुरती जागा एकदाच वेगळी काढता येते. नकाशात पिकाऊ जमीन हिरवी रंगवली आहे आणि नापीक करडी. आपलं सगळं शेत हिरवं आहे. फक्त वरच्या अंगाला एक करडा ठिपका आहे, तो टक्कल.

म्हणून मला टक्कल हवं होतं, वेड्या. हलकी वाटणी म्हणून नव्हे. आख्ख्या शेतात मला तेवढीच जागा मिळू शकते.

एक तपासनीस माती बघायला येईल. शांत माणूस आहे म्हणे. त्याला खडक दाखव, चहा पाज आणि जाऊ दे. बाकी सुनावणीत होईल.

ताई

—

५ मे

ताई,

आता सांगतो. मे संपायची वाट मीच बघू शकत नाही.

आज कचेरीतून एक माणूस आला होता. हातात लोखंडी गज, खांद्यावर पिशवी. म्हणाला, वरच्या अंगाची जमीन बघायची आहे. मी म्हटलं, बघा की! गेली दोन वर्षं कुणीतरी बघावी म्हणून मी तडफडतोय.

ताई, टकलावर गवार उभी आहे. माझ्या कमरेएवढी.

तू "टक्कल पुरे" म्हणून गेलीस ना, त्याच महिन्यात मी सुरुवात केली. आधी सुटे दगड वेचले. मग पहारीने खडकाचा वरचा पापुद्रा काढला. खाली खडक सलग नाहीच, भेगाभेगांचा आहे, बाबांना कळलंच नव्हतं. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढतात, तो मी ट्रॉलीवर ट्रॉली आणून पसरला. पहिल्या वर्षी खतासाठी नुसता ताग पेरून गाडला. दुसऱ्या वर्षी शेण. माझा विचार असा, की ताईचा हिस्सा सगळ्या शेतात उजवा असला पाहिजे. मग तुझं घराचं पत्र आलं, तेव्हा म्हटलं हे तर फारच छान झालं. घराभोवती बाग लागेल. दारात गुलाब लावशील. तुला गवारीच्या शेंगांसकट दाखवायचं होतं, म्हणून येऊ नको म्हणत होतो.

त्या माणसाने गज खुपसला. तो हातभर आत गेला! मी म्हटलं, तिकडेही खुपसा. तिकडेही गेला. मी त्याला मूठभर माती हुंगायला लावली. तो म्हणाला, "इथे खडक होता ना?" मी म्हटलं, "होता! आता शोधून दाखवा." त्याने सगळं लिहून घेतलं. मी आणखी दोन गोष्टी आठवून सांगितल्या, त्याही लिहिल्या. जाताना म्हणाला, अशी माती मी वर्षभरात पाहिली नाही. मी त्याला पिशवीभर शेंगा दिल्या.

आता ये. फोन करणार होतो, पण जमिनीचं आहे ना, म्हणून लिहिलं.

तुझा धाकटा

—

९ मे

ताई,

मी सहसा तुम्हाला लिहीत नाही. घरात पत्रं लिहिणारा एक पुरे, आणि त्याच्या शुद्धलेखनाकडे मी डोळेझाक करते. पण आज मलाच लिहावं लागतंय.

तुमचं चार तारखेचं पत्र आलं तेव्हा त्यांचं पाच तारखेचं तुमच्या वाटेवर होतं. त्यांनी तुमचं पत्र ओसरीत उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग मला वाचायला लावलं. "हात दाखवून अवलक्षण" हे वाक्य मी मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून देते. उदाहरण घरातच निघेल असं वाटलं नव्हतं.

मला ते काय करताहेत हे दिसत होतं. नियम मात्र माहीत नव्हता, आणि तुम्ही सांगितला नव्हता. तुम्ही दोघं बोलत नाही, लिहिता. आणि लिहिता तेही अर्धं. रागावू नका, बाई म्हणून सांगतेय.

आता खरी गोष्ट. काल ते समितीच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या कारकुनाने आडून सुचवलं, की नकाशात अजून ठिपका करडाच आहे. तपासनीसाचा अहवाल सुनावणीत वाचला जाईल. तोवर गवार उपटून टाकली, वर थोडे दगड पसरले आणि "प्रयोग केला होता, फसला" असं लिहून दिलं, तर कुणी परत गज घेऊन येणार नाही. बरेच जण करतात म्हणे.

ताई, त्यांनी आज सकाळी ट्रॉली जोडली आहे. वेचलेले दगड ओढ्याकाठी पडले आहेत, ते परत आणणार म्हणतात. "तिचं घर मी खाल्लं, मीच परत देतो," एवढंच बोलतात. मी वाटेत उभी राहिले तर ट्रॅक्टर बंद केला, पण खाली उतरले नाहीत. माझं ऐकून उद्यापर्यंत थांबलेत. जमिनीचं तुम्ही लिहिल्याशिवाय ते मानणार नाहीत, म्हणून हे पत्र शहरात जाणाऱ्या दूधवाल्याबरोबर हाती पाठवतेय. उत्तरही त्याच्याचबरोबर द्या.

आणि एक. मला तुम्ही डोळ्यांसमोर चालाल. हे आधीच लिहायला हवं होतं.

तुमची मास्तरीण

—

९ मे, दुपार

धाकट्या,

एक दगड, ऐक, एक दगड जरी त्या मातीवर परत टाकलास, तर मी जन्मात त्या शेतात पाऊल टाकणार नाही.

दूधवाला खाली घंटी वाजवतोय आणि मी खोडाखोड न करता लिहितेय, बाबा बघत असतील तर बघू देत. मला घर हवं होतं. अजून हवंय. तुझं पाच तारखेचं पत्र आलं तेव्हा मी भिंतीवरचा कागद काढला आणि त्याची घडी करताना रडले. खोटं कशाला बोलू? पण त्याच पत्रात तो गज हातभर आत गेला ते वाचून मी एकटीच मोठ्याने हसलेही. दोन वर्षं माझ्यासाठी कुणी खडक फोडत होतं, आणि मी इकडे त्याच्या बायकोवर संशय घेत होते.

मी रफूवाली आहे. विरलेल्या ठिकाणी कापड परत आणलं की त्यावर मुद्दाम कात्री चालवत नाहीत.

ट्रॉली सोड. गवार तोडून विक. सुनावणीला मी येतेय.

ताई

—

२ जून

मास्तरीण,

काल बसमध्ये बसल्यापासून तुझ्या नवऱ्याबद्दल कुणाशीतरी बोलायचं होतं. शेजारची बाई झोपली होती, म्हणून तुला लिहिते. तू शाळेमुळे सुनावणीला येऊ शकली नाहीस आणि तो तुला धड काही सांगणार नाही.

लांबट खोली, मध्ये टेबल, भिंतीवर तो हिरवा नकाशा. आमच्या आधी एक गृहस्थ होते, त्यांना शेताच्या अकरा पट्ट्या करून विकायच्या होत्या. प्रत्येक पट्टी इतकी अरुंद की बैल वळवायचा तर शेजाऱ्याची परवानगी लागावी. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड होईल हो," आणि पुढचं नाव पुकारलं. ते आमचं.

तपासनीसाने अहवाल वाचला. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही ऐकलं नाही आणि प्रत्येक वाक्यागणिक माझं घर लांब जात होतं. मग तो कारकून पुढे वाकून म्हणाला, की अर्जदाराच्या भावाचं यावर वेगळं म्हणणं असू शकतं. सगळे धाकट्याकडे बघायला लागले. तो माझ्याकडे. मी उठले आणि म्हटलं, "काही वेगळं म्हणणं नाही. माती चांगली आहे. ठिपका हिरवा करा. मी अर्ज मागे घेते."

मी खाली बसले आणि तुझा नवरा उभा राहिला. भर खोलीत, पंधरा माणसांसमोर, जमिनीबद्दल तोंडाने बोलायला! मला वाटलं छत कोसळेल.

तो म्हणाला, "बाई, ती माती तिच्यामुळे झाली. तिने मागितली नसती तर मी पहार उचललीच नसती. माती राहू दे. पण तिला कुठे ठेवू ते तुम्ही सांगा, कारण ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिचे गुडघे दुखतात." एवढं म्हणून रडायला लागला. एवढा धिप्पाड माणूस! मीही मग मागे राहिले नाही. तपासनीसाने खिडकीबाहेर बघितलं.

अध्यक्षबाईंनी नियमाची पानं मागेपुढे उलटली. म्हणाल्या, शेत तोडून घर नाहीच. पण शेत न तोडता, जुन्या घराच्या अंगणात, गोठ्याच्या किंवा अवजारांच्या जागेवर दुसरी चूल मांडता येते. अट एकच, तिथे राहणाऱ्याने त्या शेतात स्वतः राबलं पाहिजे. मार्चअखेरपर्यंत पाहणार, नसेल राबत तर परवानगी रद्द. मग मला विचारलं, "तुम्हाला शेती येते?"

मी म्हटलं, "मला रफू येतं."

"गुडघे?"

"बसून करायची कामं असतीलच ना."

त्या हसल्या आणि सही केली.

तर मास्तरीण, शेताकडे खिडकी असलेलं एकांतातलं घर मागायला गेले होते, तुमच्या अंगणातली अवजारांची खोली घेऊन आले. मी डोळ्यांसमोर चालेन असं तू लिहिलंस, ते गंभीरपणे लिहिलं होतंस ना? आता शब्द फिरवायची सोय नाही, समितीचा शिक्का आहे.

ताई

—

१४ जून

ताई,

अवजारं हलवली. खोली तू सुनावणीला दिलेल्या आराखड्यापेक्षा वीतभर लहान आहे. पूर्वेला भिंत आहे, खिडकी होणार नाही. शेताकडे होईल. दारात पायरी होती, ती फोडली आणि उतार केला.

मास्तरीण म्हणते, ती गंभीर होती.

दुकानातून लवकर सुटता आलं तर बघ. सप्टेंबरमध्ये कांद्याची रोपं टाकायची आहेत. बसूनच टाकतात. मी मुद्दाम विचारून घेतलं, स्टूलवर बसून केलेलं राबणंही राबणंच धरतात.

आता जमिनीबद्दल तोंडाने बोललोच आहे, तर यापुढे फोन केला तरी चालेल. पण मला तुझी पत्रं आवडतात.

धाकटा

—

पुढच्या वर्षीचा १८ एप्रिल

धाकट्या,

नातीचं बारीकसारीक सगळं मास्तरणीने फोनवर सांगितलं. नाक आपल्याकडचं आहे हे ऐकून वाईट वाटलं. तुम्ही दोघं बाळंतपणाला लेकीकडे गेलाच आहात तर निवांत राहा, तिला बरं वाटेपर्यंत यायची घाई करू नका. इथे चिखल आहे आणि मांजरीला पिल्लं झाली आहेत.

शेत ठीक आहे. ट्रॅक्टरला मी हात लावत नाही, तो मला बघूनच खोकतो. शेजारचा गडी येऊन खालच्या शेताची नांगरट करून गेला. तपासनीस गेल्या आठवड्यात ठरलेली पाहणी करून गेला. माझे हात बघितले, लिहिलं, चहा प्यायला. परवानगी पक्की झाली. हे तुला फोनवर सांगता आलं असतं, पण मला लिहून पाठवायचं होतं.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. मी टकलावर स्टूल टाकून गवार खुरपत होते. रस्त्यावर एक मोटार थांबली. चांगल्या कपड्यातलं जोडपं उतरलं. कोट उत्तम होता, कोपरावरचं रफू मात्र भिकार. बाई उन्हाला हात आडवा धरून शेताकडे बघत उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "किती सुरेख दिसतं इथून! आपल्याला असंच काहीतरी हवं होतं." मग त्याने मला हाक मारली. विचारलं, हा कोपरा विकणार का, त्यांना दोन खोल्यांचं घर बांधायचंय, बैठं, खिडकी शेताकडे ठेवतील.

मी खुरपं हातात घेऊन उठले. गुडघे दुखले तेही कळलं नाही. म्हटलं, "घर? इथे? अहो, या मातीत? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

ते बिचारे मोटारीत जाऊन बसले आणि मोटार पार वळणाआड गेली तरी मी तिथेच उभी होते. मग माझं मलाच हसू आलं. त्यांना निदान पाणी तरी विचारायला हवं होतं.

आता पुरे करते. ऊन वाढायच्या आत उरलेल्या दोन ओळी खुरपून घ्यायच्या आहेत.

ताई